बॉयलरचा सा

भूगर्भशास्त्राच्या इमारतीखाली, सतरा पायऱ्या उतरून,
शुक्रवारी आठ वाजता ते दार उघडतं.
दाराशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा: तीन डॉलर,
नसले तर नसले.
डब्यामागे टॅम्सिन. हातमोज्यांची बोटं कापून टाकलेली,
कारण व्हर्मॉंटच्या फेब्रुवारीत सुटे मोजायचे
म्हणजे काहीतरी उघडं ठेवावंच लागतं.

नियम एकच, तोही खडूने:
इथे काहीही प्लगात खुपसायचं नाही.
सूपचं पातेलं सोडून.

खुर्च्या मोडीत निघालेल्या वर्गातल्या,
उजव्या हाताला लिहायची फळी;
एकीवर कुणी चिकाटीने कोरलंय,
‘ग्रॅनाइटलाही माझा कंटाळा आलाय’.

आणि भिंतीपलीकडे तो.
आपण त्याला षड्ज म्हटलं असतं.
ती पोरं नुसतं ‘तो’ म्हणायची.
जुना बॉयलर, रात्रंदिवस गुणगुणणारा,
पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधल्या फटीत,
जी जागा कुठल्याच पेटीवर नाही.
पहिल्या वर्षी सगळे त्याच्याशी भांडायचे.
दुसऱ्या वर्षी निमूट खुंट्या पिळायचे.
तिसऱ्या वर्षी बाहेरगावी वाजवायला गेले
की परत येऊन सांगायचे, तिथलं अख्खं गाव बेसूर होतं.

चार वर्षांत माणसं संपतात इथली.
उरते एक वही.
तिच्यात गोठलेल्या तळ्यात बुडालेल्या घोड्याचं गाणं कुणी गायलं ते,
दगडाच्या खाणीतलं त्रेचाळीस कडव्यांचं कुणी अर्ध्यावर सोडलं ते,
आणि एझ्राच्या तिरक्या अक्षरात:
‘आज अकरा माणसं. दोन झोपली.
नऊ जणांनी घोडा वाचेल असं शेवटपर्यंत मानलं.’

गेल्या उन्हाळ्यात बॉयलर बदलला.
नवा पांढरा, कपाटासारखा. मुका.

सप्टेंबरचा पहिला शुक्रवार.
ओडील फिडल घेऊन उभी राहिली,
गज तारेवर टेकवला,
आणि अंधारात नसलेल्या पायरीवर पाय पडावा
तसा तिचा हात पडला.
कुणीतरी फोनवरचा ट्यूनर काढला.
हिरवा दिवा लागला. दुसऱ्याचाही लागला.
सगळे अचूक होते
आणि कुणालाच करमेना.

तेव्हा जिन्यावरून आवाज आला, ‘खाली लागलंय.’

ऑरिन थिबो. सव्वीस वर्षं इथल्या नळांचा, कुलपांचा माणूस.
पोरांना तो ठाऊक होता किल्ल्यांच्या जुडग्याइतकाच;
त्यांना वाटायचं, टाळं लावायचंय म्हणून थांबतो.
तो खुर्चीवर बसला नाही.
बादली खाली ठेवली,
तोंड मिटलं,
आणि नाकातून लावला तो सूर.
गवयासारखा नाही. लोखंडासारखा.
मधेच एक उचकी, श्वासाएवढी.
‘झडप उघडायची,’ म्हणाला, आणि पुन्हा लावला.

कुणी हसलं नाही.
एझ्राने बँजोची खुंटी केसभर वर नेली.
मग ओडीलने.
मग भिंतींनी, असं मी म्हणणार होतो,
पण भिंतींचं मला माहीत नाही;
सूप करपलं एवढं नक्की.

वहीत त्या रात्रीच्या पानावर टॅम्सिनने लिहिलं:
‘ऑरिन थिबो, सूर.’
मे महिन्यात ती जाईल, तोही निवृत्त होईल.
मग कुणी नवी पोर विचारेल, हे कसलं वाद्य?
आणि घोड्याच्या गाण्यात चौथ्या कडव्याआधी
सगळे का थांबतात एक श्वास?

कुणालाच सांगता येणार नाही.
थांबतील मात्र.